बंपर ओढण्याआधी स्टिअरिंग फिरवा

गेल्या दसऱ्याला आमच्या गाडीची पूजा झाली ती बिनबंपरची. हार कुठे बांधायचा हा प्रश्न होता. शेवटी आईने झेंडू रेडिएटरपुढच्या लोखंडी पट्टीला बांधला आणि वॉचमनकाकांनी तोंड फिरवून हसून घेतलं. बंपर तेव्हा पेंटवाल्याकडे पडून होता. मी ओढून काढताना त्याचा उजवा कान तुटला होता. कान म्हणजे कोपऱ्यावरची ती प्लॅस्टिकची जीभ, जिच्यातून स्क्रू जाऊन बंपर फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, धरून राहतो. पेंटवाल्याने बंपर उलटा केला, बोट फिरवलं आणि विचारलं, "साहेब, याचा कान कुठंय?" कान गाडीवरच राहिला होता, स्क्रूसकट.

यंदा बॉनेट आणि दोन्ही फेंडर रंगवायचे आहेत, कारण नव्या बंपरशेजारी जुनं बॉनेट धुतलेल्या विटेसारखं दिसतं. सोसायटीतले आणखी दोघं "आम्हीही घरीच खोलतो" म्हणतायत. खोलून दिलं की गाडी आठवडाभर पेंटवाल्याच्या दारात उभी राहत नाही, आणि कडा आतपर्यंत रंगतात, टेप लावून रंगवल्यावर सांध्यात राहते ती रेघ राहत नाही. तेव्हा खोला. फेंडर सोडायचा तर बंपर आधी उतरवावा लागतो. पण आधी हे वाचा.

पहिलं काम स्टिअरिंगचं. पाना हातात घ्यायच्या आधी, बॅटरीला हात लावायच्या आधी. गाडी चालू करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा, म्हणजे उजव्या चाकाची पुढची कड आत जाते आणि चाकावरच्या कमानीत हात घालायला जागा होते. उजवीकडचं काम झालं की पूर्ण उजवीकडे फिरवून डावी बाजू. बॅटरी सोडून बसलात तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, आणि बटणाने सुरू होणाऱ्या कित्येक गाड्यांत त्याचं लॉकच सुटत नाही. मग जॅक लावा, चाक काढा, अर्धा दिवस गेला.

तिथे काय शोधायचं? फेंडर आणि बंपर जिथे एकमेकांना भिडतात, तिथे कमानीच्या आत, काळ्या अस्तराच्या मागे एक स्क्रू असतो. बहुतेक गाड्यांत तो खालून वर लावलेला असतो, त्यामुळे समोर उभं राहून दिसत नाही, वाकूनही दिसत नाही. दोन पावसाळ्यांचा चिखल त्यावर बसून दगड झालेला असतो. मी तिथे हात फिरवला होता, मातीच लागली, म्हटलं इथे काही नाही. होतं. जुना टूथब्रश आणि टॉर्च घ्या, आडवे व्हा, उकरा, आणि स्क्रूचं डोकं डोळ्यांनी बघा. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत हे स्क्रू असे धरतात की डोकं घासून गुळगुळीत होतं, मग ड्रिल मारण्यावाचून उपाय नाही. दोन्ही बाजूंचे स्क्रू काढून खिशात ठेवा. खिशात दोन स्क्रू नाहीत तोवर बंपरला हात लावायचा नाही.

दिवस कोणता? पावसात नको. मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, पण त्याचा काही भरवसा नाही. दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो, चुन्याचा हात मारल्यासारखा. दुपारच्या उन्हातही खोलू नका, प्लॅस्टिक मऊ होऊन क्लिपा ताणल्या जातात. सकाळी सात ते दहा, इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, शेजारच्याची गाडी निघून गेल्यावर. सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगा. न सांगता केलंत तर काम अर्ध्यावर असताना ते येतातच.

नंबर प्लेटचा विचार आधीच करा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लावून घ्यावी लागली आहे, आणि ती स्नॅप लॉकने ठोकलेली असते. ते लॉक एकदा काढलं की पुन्हा बसत नाही, नवं बसवायला परत अधिकृत ठिकाणीच जावं लागतं. म्हणून पेंटवाल्याला बजावा, पाटी काढायची नाही, झाकून रंगवायचं. आणि बंपर गेला की पुढची पाटीही गेली, म्हणजे गाडी कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा नेता येत नाही. बंपर न्यायला छोटा टेंपो सांगा. रिक्षात बसत नाही. मेहुण्याने मांडीवर आडवा घेऊन पाहिला, दोन्ही टोकं बाहेर, एलबीएस रोडवर एका बाइकवाल्याचा आरसा जाता जाता वाचला.

हत्यारं फार नाहीत. दहा मिलिमीटरचा पाना आणि दहाची गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारी वाटी) यांवर निम्मी गाडी सुटते. स्टार स्क्रूड्रायव्हर एक लांब, एक बुटका. क्लिपा उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी, लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटलंत तर रंगाला ओरखडा पडणार. क्लिपा मात्र आधीच विकत आणा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मूठभर मिळतात, सोबत एक जुनी क्लिप नमुन्याला न्या. जुन्यातल्या चार-पाच तरी तुटतातच आणि रविवारी दुपारी दुकान शोधत फिरावं लागतं. जुनी चादर, गोधडी, मार्कर, छोट्या पिशव्या. फोटो काढा, सांगायला नको.

आता बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि दहा मिनिटं चहा प्या. एअरबॅगचे पुढचे सेन्सर बहुतेक बंपरमागेच असतात, तिथे गडबड नको. तेवढ्यात कमानीतले स्क्रू काढले का ते पुन्हा बघा. हो, परत सांगतोय.

बॉनेट उघडून ग्रिलच्या वरचे बोल्ट आणि क्लिपा, मग खाली आडवं होऊन पोटाखालच्या. मग एकाने एका कमानीशी, दुसऱ्याने दुसऱ्या कमानीशी बसायचं. सुरुवात कोपऱ्यापासून, मधून कधीच नाही. तळहात सपाट ठेवून कड बाहेर, स्वतःकडे ओढा. टक, टक असा एकेक दात सुटल्याचा आवाज येतो आणि हाताला ते कळतं. तो आवाज न येता प्लॅस्टिक नुसतं वाकत असेल, कड पांढरी पडू लागली असेल, तर थांबा. जोर लावू नका. जोर मीही लावला होता. स्क्रू राहिलाय. परत आडवे व्हा.

बंपर सुटला की चार बोटंच पुढे घ्यायचा. मागे फॉग लॅम्पच्या वायरी असतात, सॉकेटची जीभ दाबून सोडा, वायर धरून ओढू नका. मागचा बंपर काढणार असाल तर तिथेही सॉकेट आहे, कारण १ जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांना रिव्हर्सचे सेन्सर सक्तीचे आहेत. सेन्सरवर रंगाचे जाड थर नकोत, काढून ठेवलेले बरे. आणि दचकू नका, आत उंदराचं घर निघण्याची शक्यता आहे. आमच्या गाडीत कापूस, चिप्सचं पाकीट आणि एक अर्धवट कुरतडलेली वायर निघाली. वायर दिसली ती बंपर काढल्यामुळेच, एवढाच काय तो फायदा.

फेंडरचा एक बोल्ट दार उघडल्यावर बिजागरीच्या बाजूला, फटीत दिसतो. तो राहिला तर फेंडर हलतो पण निघत नाही. बॉनेटला दोन माणसं लागतात. आधी बिजागरीच्या कडेने मार्करने रेघ मारा, काच धुवायच्या पाण्याची नळी सोडा, आणि कोपऱ्याखाली गोधडी टाका, नाहीतर काचेवर आपटेल.

पेंटवाल्याला दोन गोष्टी सांगा. बंपर बहुधा पीपी (पॉलीप्रॉपिलीन) प्लॅस्टिकचा असतो, आतल्या बाजूला तसं छापलेलंही असतं. त्यावर आधी प्लॅस्टिकचा प्रायमर लागतो, नाहीतर पहिल्या खरचटण्याला रंग सालीसारखा निघतो. पत्र्याचा प्रायमर वेगळा. दुसरं, रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवरून लिहून द्या आणि बॉनेट, फेंडर एकाच कालवणातून रंगवून घ्या.

जोडणी उलट्या क्रमाने. रंग बोटाला लागत नाही म्हणजे वाळला असं नाही, दोन दिवस जाऊ द्या. बॉनेट रेघेवर, मग फेंडर, फटी सारख्या करून मगच बोल्ट आवळा. बंपर, सॉकेट, क्लिपा. मग बॅटरी जोडा, स्टिअरिंग फिरवा आणि कमानीतले दोन स्क्रू लावा. ते नाही लावले तर स्पीडब्रेकरवर कोपरा फडफडतो आणि फेंडरच्या रंगाला घासतो. हॉर्न, फॉग लॅम्प, वायपरचं पाणी एकदा चालवून बघा. काही उरलंच तर वॉचमनकाका सांगतील, बंपर नसताना ते रोज येऊन बघतात.