बोल्ट काढायला गन, बसवायला बोटं

गॅरेजातले पहिले तीन महिने मला बॅटरी गनला, म्हणजे चाकाचे नट-बोल्ट उघडायच्या बॅटरीवरच्या इम्पॅक्ट गनला, हात लावू दिला नव्हता. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकलची दोन वर्षं काढून आलो होतो, सर्टिफिकेट लॅमिनेट होऊन घरी भिंतीवर लागलं होतं, आणि गॅरेजात हातात आला तो प्लस पाना, अधिकच्या चिन्हासारखा, हाताने फिरवायचा. दिवसाला पाच-सहा गाड्यांची चाकं त्या पान्यावर उघडायची, त्याच पान्यावर बसवायची. शेजारी सीनियर पोरगा गनचा घोडा दाबायचा, टर्रर्र झालं की चाक मोकळं. मी मात्र पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभा. फार राग यायचा. आता माझ्या हाताखाली पोरं आहेत आणि मीही त्यांना महिनाभर तरी पान्यावरच ठेवतो. तेही मला शिव्या देत असणार.

आधी गन आतून काय करते ते समजून घ्या. ड्रिल मशिन सलग पिळत राहतं, म्हणून बिट अडलं की तुमचं मनगटच पिळवटून काढतं. इम्पॅक्ट गनच्या तोंडात एक छोटा हातोडा असतो. बोल्ट अडला की हा हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो आणि पुढच्या ऐरणीवर बाजूने आदळतो, मिनिटाला दोन-तीन हजार वेळा. पिळण्याचं काम हे ठोके करतात, मनगटावर त्यातलं फार थोडं येतं. गंजून बसलेला बोल्ट सलग जोराला दाद देत नाही, पण ठोक्यांनी गंजाची पकड तुटते. आमच्याकडे आयटीआयची एक मुलगी अप्रेंटिस आहे, वजन पन्नास किलोच्या आत. स्कॉर्पिओचे नट ती माझ्याइतक्याच वेळात उघडते. ‘मुलींचं काम नाही हे’ म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

चाकासाठी अर्धा इंच चौकोनी तोंडाचीच गन लागते. पाव इंच षटकोनी तोंडाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर दिसायला तसाच असतो, पण तो स्क्रूसाठी. त्याला अडॅप्टर लावून चाक उघडायला जाऊ नका. १८ व्होल्ट की २० व्होल्ट मॅक्स, यावर दुकानदाराशी हुज्जत घालू नका, दोन्हीत आत पाचच सेल ओळीने जोडलेले असतात. फरक पडतो अँपिअर-तासाने, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो त्याने. २ अँपिअर-तासाच्या बॅटरीत सेलची एकच रांग असते, ५ च्या बॅटरीत सहसा दोन. जोराचा ठोका मारताना लहान बॅटरीचा व्होल्टेज पडतो आणि तीच गन अचानक मरगळल्यासारखी वाजते. नवीन पोरं म्हणतात गन खराब झाली. आधी बॅटरी बदलून बघा.

सॉकेट, म्हणजे आमची गोटी, काळीच हवी. हातपान्याच्या सेटमधली चकचकीत क्रोमची गोटी कडक असते. ठोक्यांनी तिला तडा जातो आणि तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो. इम्पॅक्टची काळी गोटी ठोका सोसेल अशाच पोलादाची असते. ती सहा कोनांची घ्या. बारा कोनांची बोल्टचे कोपरे खाते. अलॉय व्हील असेल तर पातळ भिंतीची, बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली, नाहीतर बोल्टच्या खोबणीत गोल ओरखडा उठतो आणि तो गिऱ्हाइकाला पहिल्या मिनिटात दिसतो. मारुतीला १९ ची गोटी, ह्युंदाईला २१ ची, फोक्सवॅगन-स्कोडाला १७ ची. या तिघींवर वेगवेगळ्या रंगाची टेप गुंडाळून ठेवा. अर्धवट बसणारी मोठी गोटी आणि गन एकत्र आली की बोल्टची मुंडी गोल झालीच म्हणून समजा. डोळ्यांवर चष्मा, कानात बोंडं. बंद शेडमध्ये या गनचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, आणि दिवसातून वीस चाकं म्हणजे थोडंथोडकं नाही. सैल हातमोजे घालू नका, फिरत्या गोटीत कापड अडकतं.

आता बोल्टकडे येऊ. आपल्याकडे बहुतेक गाड्यांना नट असतात. हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, स्टड म्हणजे आट्यांचे दांडे ठोकलेले, त्यावर चाक टांगायचं, वरून नट. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत स्टडच नाही, बोल्ट थेट हबच्या आट्यांत जातो. २०२२ पर्यंत फोक्सवॅगनची पोलो इथे चाकणलाच बनायची, त्यामुळे पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजात आठवड्याला दोन-चार तरी येतातच. मारुतीवर हात बसलेला पोरगा इथेच चुकतो. मीही चुकलो.

पोलोला दर चाकाला पाच बोल्ट, १४ मिलिमीटर जाडीचे, दीड मिलिमीटर आट्याचे. मुंड्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. टूलकिटमधल्या तारेच्या आकड्याने त्या आधी उपटून काढा. टोपीसकट गोटी चढवली तर प्लॅस्टिक आत चिकटून बसतं आणि मग गोटी साफ करण्यात अर्धा तास जातो. पाचांतला एखादा लॉकचा असू शकतो. त्याची चावी, म्हणजे अडॅप्टर, डिकीत किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडतो. त्यावर गन कधीही चालवायची नाही. अडॅप्टरचे दात बारीक असतात, एकदा तुटले की तो बोल्ट काढायला वेल्डिंगवाल्याला बोलवावं लागतं. लॉकचा बोल्ट नेहमी पान्याने, सावकाश.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, समोरच्या चाकाला ओटी, म्हणजे दगड किंवा लाकडाचा ठोकळा, द्या. गन असली तरी पहिली ढील मी चाक जमिनीवर असतानाच देतो. जॅकवर उभ्या गाडीला धक्का द्यायचा नाही ही माझी सवय आहे, लिफ्टवर असाल तर गोष्ट वेगळी. गोटी पूर्ण आत बसवा, गन सरळ धरा, दुसऱ्या हाताने मागून आधार द्या आणि दिशेचं बटण उलट्याकडे आहे ना ते बघा. हसू नका. घट्ट बोल्ट आणखी घट्ट करून वर ‘निघतच नाही’ म्हणणारे मी तीन पाहिलेत, त्यातला एक मी.

दोन-तीन सेकंद ठोका. सुटताना आवाज बदलतो, टकटक थांबून घुर्र होतं. त्या क्षणी घोडा सोडा. नाहीतर बोल्ट गरगरत बाहेर येतो आणि थेट गटारात जातो. काही गनमध्ये उलटं फिरवताना बोल्ट सुटताच आपोआप थांबायची सोय असते, असेल तर चालू ठेवा. पाच-सहा सेकंदांत नाही सुटला तर अजून रेटत बसू नका. सुलट्या दिशेने अगदी क्षणभर एक ठोका द्या, मग परत उलट. तरीही नाही तर लांब दांड्याचा पाना. मध्ये लांब एक्स्टेंशन लावलेलं असेल तर ते काढा, लांब दांडा पीळ खातो आणि ठोक्याची ताकद वाटेतच जिरते. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्या आल्या की मी बोल्टपेक्षा हबलाच जास्त घाबरतो. खाऱ्या हवेने अलॉय चाक मधल्या हबवर असं धरून बसतं की पाचही बोल्ट काढले तरी हलत नाही. मग दोन-तीन बोल्ट दोन-दोन आटे लावून ठेवायचे, गाडी खाली घ्यायची आणि बाजूने हलवायची. कडाक् आवाज येतो आणि चाक सुटतं. बोल्ट पूर्ण काढून टायरला खालून लाथा घालणाऱ्यांच्या जवळ उभे राहू नका.

स्टड नसल्यामुळे शेवटचा बोल्ट निघाला की चाक टांगायला काहीच उरत नाही. म्हणून वरचा बोल्ट शेवटी काढा. त्याआधी शेजारच्या भोकात मार्गदर्शक पिन फिरवा. आम्ही एका लांब बोल्टची मुंडी कापून, टोक ग्राइंडरवर गोल करून ती बनवली आहे. चाक तिच्यावर सरकत बाहेर येतं आणि परत चढवताना पाच भोकं जुळवायचा दशावतार वाचतो.

आता माझी चूक. चौथ्या महिन्यात गन मिळाली आणि आठवड्याभरात एका पोलोचे टायर अदलाबदल करायला आले. काढणं झोकात झालं. चढवताना मी मारुतीच्या नटाचं करायचो तेच केलं: बोल्ट गोटीत अडकवला, गन भोकावर टेकवली आणि दाबली. बोल्ट किंचित वाकडा होता. हाताने फिरवला असता तर अर्ध्या आट्यातच जड लागला असता, पण गनला जड-हलकं कळत नाही. टर्रर्र करत तो आत गेला. मुंडी बसेना म्हणून मी अजून दाबली. उलटा काढला तेव्हा आट्यांत चकचकीत लोखंडी तारेचं वेटोळं गुंडाळून आलं. ते हबचे आटे होते.

नटाची गाडी असती तर एक स्टड ठोकून काढला असता, नवा बसवला असता, चहाच्या वेळेत काम झालं असतं. इथे आटे हबमध्येच. टॅप, म्हणजे आटे पुन्हा पाडायचं हत्यार, मारून बघितला, काही उरलं नव्हतं. गॅरेजच्या मालकांनी, अण्णांनी, गिऱ्हाइकाला फोन लावला, ‘आमच्या पोराकडून तुमचा हब गेला. गाडी सोमवारी मिळेल, पैसे लागणार नाहीत.’ फोन ठेवला आणि मला म्हणाले, ‘प्रेस तूच मारायचास.’ हब प्रेसवर दाबून काढताना बेअरिंगही गेलं, तेही नवं घालावं लागलं.

तेव्हापासूनचा क्रम सांगतो. बोल्ट बोटांनी लावायचा, किमान चार आटे, पाचही. मग पान्याने हलकेच टेकवायचे, एक सोडून एक, म्हणजे आपोआप चांदणी होते आणि चाक मधोमध बसतं. मग गाडी खाली आणि टॉर्क पाना, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका पीळ बसला की ‘टक’ करणारा पाना. पोलोला १२० न्यूटन-मीटर. अर्धा मीटर दांड्याच्या टोकाला साधारण साडेचोवीस किलो जोर लावला की तेवढं होतं, यापेक्षा जास्त काही नाही. सत्तर किलोचा माणूस ४० सेंटिमीटर दांड्यावर उभा राहिला तर २७० च्या वर जातो. मध्यम गनच्या खोक्यावर ४००-५०० लिहिलेलं असतं, मोठ्या गनच्या खोक्यावर १००० च्या वर. खोक्यावरचा आकडा हा कमाल आकडा. तुमच्या बोल्टवर नेमका किती लागला हे बॅटरी, गोटी आणि गंज मिळून ठरवतात. टॉर्क पान्याचा एक ‘टक’ आला की थांबा, खात्रीसाठी आणखी दोनदा टकटक करणं म्हणजे जास्त कसणं. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. अलॉय चाक असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलवा. बहुतेक लोक येत नाहीत, तरी बोलवा.

गनने करकचून बसवणाऱ्यांनी एकदा रात्री ताम्हिणीत पंक्चर होऊन बघावं. एका बाईंनी आम्हाला तिथून फोन केला होता. गाडीतला वीतभर पाना, पाऊस, आणि कुठल्याशा टायरच्या दुकानात ठोकून बसवलेले बोल्ट. शेवटी एका ट्रकवाल्याने पान्यावर पाइप चढवून उघडले. म्हणजे उघडले चार, पाचव्याचे कोपरे गेले होते.

आणखी एक बारकी गोष्ट. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक, म्हणजे मुंडीखालचा चाकाला टेकणारा भाग, गोल असते, बाजारातल्या बऱ्याच अलॉयची शंकूसारखी. बाहेरचे अलॉय लावलेल्या गाडीची स्टेपनी चढवायची असेल तर मूळ गोल बैठकीचे बोल्ट मागून घ्या. ‘बसतोय की’ म्हणून शंकूचा बोल्ट लावू नका. तो बसलेला दिसतो, पण काठाच्या बारीक रेषेवरच टेकलेला असतो आणि चालता चालता ढिला पडतो.

पहिला पगार झाल्या झाल्या स्वतःची गन घेऊ नका. गॅरेजची असते. आधी १७, १९, २१ च्या काळ्या गोट्या आणि एक बरा टॉर्क पाना घ्या. पाना कुणाला उसना देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही.

तो गेलेला हब अण्णांनी भंगारात दिला नाही. चार भोकं चांगली, एक खाल्लेलं, असा तो अजून फळीवर आहे. नवीन आलेल्याला मी तो आणि एक बोल्ट देतो, डोळे मिटून लावायला सांगतो. परवा आलेल्या पोराचा बोल्ट एका चांगल्या भोकात अर्ध्या आट्यावरच अडकला. त्याने जोर लावायला मनगट आवळलं.

‘दादा, जातच नाही.’

‘उलटा फिरव.’

‘उलटा?’

‘हळू. टक लागेल.’

लागलं. मग त्याने सुलटा फिरवला आणि दोन बोटांनी तो तळापर्यंत नेला.