काळ्या मातीत मेथी का जगत नव्हती

जुळे सोलापुरात घरामागे दहा बाय वीस फुटांचा तुकडा आहे. जूनच्या पहिल्या पावसानंतर मी उत्साहानं ओल्याचिंब मातीत कुदळ घातली, मेथी टाकली. ढेकळं सुकून विटेसारखी झाली. जी चार रोपं आली, ती पुढच्या सरीनंतर साचलेल्या पाण्यात कुजली. फार वाईट वाटलं.

शेजारच्या आजींनी मूठभर माती दाबून दाखवली. "बाळा, गोळा चिकटून राहिला तर थांब. बोटानं सहज फुटला की वाफसा आला समज, म्हणजे माती कुदळायला तयार." हेच मला कुणी आधी सांगायला हवं होतं! आपल्या काळ्या मातीत चिकण जास्त. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते.

मग वाफसा बघून वीतभर उंच गादीवाफे केले, दोन वाफ्यांत पाण्याला चर ठेवला. कुजलेलं शेणखत भरपूर मिसळलं. मेथी पुन्हा टाकली; धणे रगडून, दोन फाकी करून पेरले. रोपं वर आल्यावर ओळींमध्ये उसाचं पाचट पसरलं, त्यानं भेगा जवळपास थांबल्या.

महिन्याभरात मेथीची पहिली जुडी आजींच्या हातात दिली. आता कडेला गवार लावली आहे.