विद्यापीठाचा ईमेल बंद होण्याआधी

शेवटच्या वर्षाच्या धावपळीत विद्यापीठाने दिलेल्या ईमेलकडे कुणाचं लक्ष जात नाही. पदवीनंतर तो बऱ्याच ठिकाणी बंद होतो, सोबत ड्राइव्हमधल्या फाइलीही जातात. म्हणून शेवटचं सत्र सुरू होताच:

१. त्या ईमेलवर उघडलेल्या खात्यांमध्ये (लिंक्डइन, गिटहब, नोकरीची पोर्टल) स्वतःचा ईमेल टाका. हे सगळ्यात आधी, कारण पुढे पासवर्ड विसरलात तर रीसेटची लिंक बंद खात्यावर जाईल. इनबॉक्समध्ये 'वेलकम' किंवा 'व्हेरिफाय' हे शब्द इंग्रजीत शोधा. विसरलेली खातीही सापडतात.

२. खातं गूगलचं असेल तर 'टेकआउट' या गूगलच्याच डेटा उतरवण्याच्या सोयीतून फाइली उतरवून घ्या.

३. शिफारसपत्र देऊ शकतील अशा प्राध्यापकांना नवा पत्ता कळवा.

इतरांनी शेअर केलेल्या फाइली टेकआउटमध्ये येत नाहीत, त्यांची प्रत मात्र वेगळी करून ठेवा.