इम्प्लांटचा पृष्ठभाग आणि त्याभोवतीची पिशवी : पुनर्रचनेआधी काय विचारावे, नंतर काय जपून ठेवावे

कॅन्सरमुळे स्तन काढल्यानंतर सिलिकॉन इम्प्लांट बसवून पुनर्रचना करायचे ठरले, की डॉक्टरांशी होणारे बोलणे बहुधा आकार आणि खर्च यांभोवतीच फिरते, आणि इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत असणार की खरबरीत, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो नेमका विचारता यावा म्हणून इम्प्लांटभोवती शरीर काय करते हे आधी समजून घ्यावे.

बाहेरची वस्तू शरीरात गेली की तिच्यावर प्रथिनांचा थर बसतो, मग मॅक्रोफेज या भक्षक पेशी जमतात, त्यांच्यामागून येणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे तंतू तयार करतात आणि काही आठवड्यांत इम्प्लांटभोवती व्रणऊतीची पातळ पिशवी होते. डॉक्टर तिला कॅप्सूल म्हणतात. ती प्रत्येकीच्याच शरीरात होते, त्यामुळे रिपोर्टमध्ये हा शब्द दिसला म्हणून घाबरू नये. ही पिशवी जाड होऊन आवळू लागली तर मात्र त्रास सुरू होतो. हा त्रास किती आहे हे डॉक्टर बेकर श्रेणींत सांगतात : श्रेणी १ मध्ये स्तन मऊ असतो, २ मध्ये हाताला किंचित घट्ट लागतो, ३ मध्ये आकार बिघडलेला डोळ्यांना दिसतो आणि ४ मध्ये कडकपणाबरोबर वेदनाही असतात.

गुळगुळीत पृष्ठभागावर कोलॅजेनचे तंतू एकमेकांना समांतर पसरतात आणि आकुंचन पावणाऱ्या पेशींचा ताण एकाच दिशेने लागतो. खरबरीत पृष्ठभागाच्या खळग्यांत ऊती शिरल्याने तंतूंच्या दिशा बदलतात आणि ताण विखुरतो. खरबरीत इम्प्लांट वापरात येण्यामागे हे एक कारण होते. दुसरे कारण असे, की थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट जागेवर फिरले तर स्तनाचा आकारच बिघडतो, आणि खरबरीतपणामुळे ते ऊतींना धरून राहते.

पण जितके खरबरीत तितके चांगले, असा हिशेब इथे लागू पडत नाही. खळगे वाढले की जिवाणूंना चिकटायला जागा वाढते आणि दाह रेंगाळू शकतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदीर व सशांवरील प्रयोगांत सरासरी ४ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खरबरीतपणाच्या पृष्ठभागाभोवती दाह सर्वांत कमी आढळला. दुसऱ्या टोकाला, ॲलर्गन कंपनीचे बायोसेल हे अतिखरबरीत इम्प्लांट जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागवण्यात आले, कारण कॅप्सूलमध्ये होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाशी (लसीका पेशींच्या कॅन्सरशी) त्यांचा संबंध ठळकपणे दिसला होता. फ्रान्सने त्याच वर्षी एप्रिलमध्ये अतिखरबरीत इम्प्लांटांवर बंदी घातली होती.

म्हणून सर्जनना ‘टेक्स्चर्ड आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. आयएसओ १४६०७ या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार सरासरी खरबरीतपणा १० मायक्रॉनपेक्षा कमी असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत, १० ते ५० असेल तर सूक्ष्मखरबरीत आणि ५० पेक्षा अधिक असेल तर अतिखरबरीत समजतात. आपले इम्प्लांट यांपैकी कोणत्या गटात बसते, ते विचारावे. आधी एक्स्पान्डर (इम्प्लांटसाठी जागा करायला त्वचा हळूहळू ताणणारी तात्पुरती पिशवी) बसवणार असतील तर त्याच्या पृष्ठभागाचीही चौकशी करावी. रेडिएशन होणार आहे का, हा प्रश्न तर पृष्ठभागाच्याही आधी विचारावा, कारण पिशवी आवळण्याचा धोका रेडिएशनने ठळकपणे वाढतो आणि पृष्ठभाग कितीही विचारपूर्वक निवडला तरी हा धोका पूर्णपणे टळत नाही. तेव्हा स्वतःच्या ऊतींपासून पुनर्रचना करण्याचा पर्यायही त्याच भेटीत बोलून घ्यावा.

शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटच्या खोक्यातील स्टिकर मागून घ्यावे. त्यावर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर आणि सिरीयल नंबर असतो. डिस्चार्ज कार्डावर मात्र अनेकदा नुसते ‘सिलिकॉन इम्प्लांट’ एवढेच लिहिलेले असते, आणि पुढे एखादे मॉडेल परत मागवले गेले तर तेवढ्यावरून काहीच कळत नाही. स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून घरच्या एखाद्या व्यक्तीकडेही ठेवावा. मालिश सर्जननी सांगितल्याशिवाय करू नये, कारण ऊतींना धरून राहावे म्हणून बसवलेले खरबरीत इम्प्लांट त्याने सैल होऊ शकते.

शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावर, कधीकधी आठ-दहा वर्षांनीही, एका बाजूचा स्तन अचानक सुजला, तर इम्प्लांट कोणतेही असो, सोनोग्राफी करून घ्यावी. आत पाणी आढळले तर ते नुसते काढून टाकू देऊ नये. पेशींची तपासणी आणि सीडी३० ही वर सांगितलेला लिम्फोमा ओळखायला मदत करणारी चाचणी यांसाठी ते लॅबमध्ये पाठवावे, असे स्पष्ट सांगावे. ज्यांना काहीच लक्षण नाही, त्यांनी निव्वळ भीतीपोटी खरबरीत इम्प्लांट काढून टाकावे, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सांगत नाही. सिलिकॉन इम्प्लांट फाटले आहे का हे पाहण्यासाठी मात्र पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी तपासणी करावी, असे ते सुचवते.