स्वादुपिंडाची नलिका मोजताना या चुका टाळा

रिपोर्टात नुसतं ‘पॅन्क्रिॲटिक डक्ट ३ मिमी’ लिहिलं असेल, तर त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात (लहान आतड्याजवळचं टोक; प्लीहेजवळचं टोक म्हणजे शेपटी) ३ मिमी ही नेहमीची रुंदी आहे. शेपटीत तेवढीच भरली, तर मात्र पुढे डोक्याकडे काही अडथळा आहे का, हे शोधायलाच हवं. मुख्य नलिका शेपटीकडून डोक्याकडे येताना वाटेत बारीक उपनलिका सामावून घेते आणि हळूहळू रुंदावते: शेपटीत साधारण १, मधल्या भागात २ आणि डोक्यात ३ मिमी. म्हणून मोजमापासोबत जागा लिहिलीच पाहिजे.

कॅलिपर तिरका लावणं

कॅलिपर म्हणजे पडद्यावर अंतर मोजायच्या दोन खुणा. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. नलिका वळणावळणाची असते. मानेजवळून ती डोक्यात शिरते, तेव्हा खाली आणि मागे वळते. आडव्या सीटी कापांत हा उभा भाग लांबट नळीसारखा न दिसता ठिपक्यासारखा दिसतो. वळणावर काप तिरका जातो आणि ठिपका लंबगोल होतो. त्याचा लांब व्यास मोजला, की ३ मिमीची नलिका ४५ अंशांच्या कापात ४.२ मिमी भरते आणि निरोगी माणसाच्या रिपोर्टात ‘डायलेटेड’ (रुंदावलेली) हा शब्द येतो. लंबगोलाचा आखूड व्यास घ्या. नलिका लांबीत दिसत असेल, तर कॅलिपर तिच्या दिशेला काटकोनात लावा. सोनोग्राफीत आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंतच मोजा. भिंतींची जाडी त्यात धरू नका.

सीटीचे काप ५ मिमी जाडीचे असतील, तर २ मिमीची नलिका आजूबाजूच्या ऊतीत मिसळून पुसट होते. १ मिमीच्या आसपासचे पातळ काप मागवा आणि नलिकेच्या वळणाबरोबर जाणारं वक्र रिफॉरमॅट (त्याच कापांतून संगणकाने नव्याने जुळवलेलं चित्र) करून बघा. शेपटीतली नलिका अजिबात दिसली नाही, तरी तेवढ्यावरून तिला विकृती म्हणू नये.

भलत्याच गोष्टीला नलिका समजणं

सोनोग्राफीत जठराच्या मागच्या भिंतीतला काळसर स्नायूथर स्वादुपिंडाला इतका चिकटून असतो, की तो नलिकेसारखा भासतो. स्प्लेनिक आर्टरीचं (प्लीहेकडे जाणाऱ्या धमनीचं) एखादं वळण ग्रंथीत घुसलेलं असलं, तरी तसंच होतं. कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावा: रक्तवाहिनी रंगेल, नलिका रंगणार नाही. मग ती काळी रेघ दोन्ही बाजूंना स्वादुपिंडाच्या ऊतीने वेढलेली आहे ना, हे पाहा. वायूमुळे दिसत नसेल, तर उपाशीपोटी आलेल्या रुग्णाला पाणी पाजून, बसवून किंवा कुशीवर वळवून पुन्हा प्रोब ठेवा. सीटीत फसवणारी जागा वेगळी आहे. स्प्लेनिक व्हेन (प्लीहेकडून येणारी शीर) आणि ग्रंथी यांच्यामध्ये चरबीचा पातळ थर असतो आणि तो गडद रेषेसारखा दिसतो. ही रेषा ग्रंथीच्या मागच्या कडेला असते, नलिका ग्रंथीच्या आत.

एमआरसीपीचं फक्त एकत्रित चित्र पाहणं

एमआरसीपी म्हणजे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नलिका दाखवणारा एमआरआय. त्याचं एमआयपी, म्हणजे सगळे काप एकत्र करून बनवलेलं चित्र देखणं असतं, पण त्यात लहान खडा भोवतालच्या उजळ द्रवात लपून जातो. मूळ पातळ काप एकेक करून पाहायलाच हवेत. रुग्णाचा श्वास हलला, तर नलिका तुटक किंवा दुहेरी दिसते. शेजारच्या धमनीचा ठोका आणि शस्त्रक्रियेतल्या धातूच्या क्लिपा खोटं अरुंदपण दाखवतात. श्वासामुळे शंका आली, की तोच सीक्वेन्स (चित्रांचा तोच संच) पुन्हा घ्या. खरा अडथळा त्याच जागी राहतो.

मानेजवळ नलिका किंचित अरुंद दिसणं बहुधा नैसर्गिक असतं, कारण गर्भावस्थेतल्या दोन नलिका याच सुमारास जोडल्या जातात. त्या जोडल्या गेल्या नाहीत, तर ‘पॅन्क्रियाज डिव्हिजम’ राहतं. त्यात मुख्य नलिका पित्तनलिकेच्या पुढून ओलांडून वरच्या लहान पॅपिलात (आतड्यात उघडणाऱ्या तोंडाशी) उघडते. अशा वेळी खालची आखूड नलिका पाहून ‘नलिका अचानक तुटली’ असं लिहू नका.

वेगवेगळ्या तपासण्यांचे आकडे शेजारी ठेवणं

ईआरसीपीत (तोंडातून दुर्बीण घालून करायच्या तपासणीत) एक्स-रेवर दिसणारं औषध नलिकेत दाबाने भरलं जातं, त्यामुळे नलिका फुगलेली दिसते. एमआरसीपीत ती नैसर्गिक स्थितीत असते. आज ईआरसीपीत ४ आणि गेल्या वर्षी एमआरसीपीत ३ मिमी, एवढ्यावरून ‘वाढ झाली’ ठरत नाही. सिक्रेटिन (स्वादुपिंडाचा स्राव वाढवणारं संप्रेरक) दिल्यावरही रुंदी काही मिनिटं वाढते, म्हणून मूळ माप इंजेक्शनआधीचंच धरा. तुलना करायची ती त्याच तपासणीची, त्याच जागी.

वयाच्या नावाखाली रुंदी सोडून देणं

वयानुसार नलिका थोडी रुंदावते, हे खरं. पण ती रुंदी संपूर्ण लांबीत सारखी वाढते आणि शेपटीच्या टोकाकडे निमुळती होत जाते. एखाद्या जागी अचानक बदल, त्यामागे शेपटीकडे रुंद नलिका आणि सुकलेली ग्रंथी, असं दिसलं तर वय कितीही असो, त्या जागी लहान गाठ शोधा. सीटी पॅन्क्रिॲटिक फेजमध्ये, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध सोडल्यावर साधारण ४० ते ४५ सेकंदांनी घेतलेलं असावं. नाहीतर गाठ आणि ग्रंथी एकाच रंगाच्या दिसतात. पित्तनलिकाही सोबत रुंद असेल, तर डोक्याचा आणि पॅपिलाचा भाग आणखी बारकाईने पाहा. आयपीएमएनच्या (नलिकेत चिकट स्राव तयार करणाऱ्या, पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठीच्या) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मुख्य नलिका ५ ते ९ मिमी असणं चिंतेचं लक्षण मानतात आणि १० मिमी किंवा जास्त असेल तर उच्च जोखीम. असा आकडा आला, की रुंदी कुठून कुठपर्यंत आहे आणि नलिकेच्या भिंतीवर गाठीसारखा उंचवटा आहे का, हे दोन्ही रिपोर्टात लिहा.