धुळवडीच्या मटणात माळकरी पाहुण्याची सोय

धुळवडीला घरी मटण असतं आणि वहिनीचे बाबा माळकरी, मग त्यांच्या ताटात नुसतं वरण-भात, फार वाईट वाटायचं. आता एकच करते, कांदा-खोबरं भाजून वाटण झालं की मटणाला हात लावायच्या आधीच दोन वाट्या वाटण डब्यात काढून ठेवते, नंतर छोट्या कढईत ते तेल सुटेपर्यंत परतायचं, भिजवलेला अख्खा मसूर आणि गरम पाणी घालून शिजवायचं, वीस-पंचवीस मिनिटांत तर्रीदार रस्सा तयार. भातात अळणी (मटण शिजवलेलं पाणी) नको, डावही वेगळा, आणि त्यांचं ताट पहिलं वाढायचं. फक्त आदल्या दिवशी फोन करून विचारा, काही माळकरी कांदा-लसूणही खात नाहीत.