कूलरसमोर बसून आतल्या खोलीतल्या संगणकावरची गाणी बदलायची असतील तर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढला की आमचं अख्खं घर बाहेरच्या खोलीत कूलरसमोर येऊन बसतं. संगणक आतल्या खोलीत, आणि आईनं जमवलेली नाट्यगीतं, अभंग सगळं त्याच्याच हार्ड डिस्कवर. दुखऱ्या गुडघ्यांनी तिनं दर गाण्याला उठावं, हे मला बघवत नाही. बर्डीच्या बाजारातून लांब ऑडिओ केबल आणून स्पीकर बाहेर घेतला. गाणी बदलायचं काम फोनवर सोपवलं, आणि त्यासाठी फुकटचा व्हीएलसी प्लेअर पुरतो.

संगणकावर व्हीएलसी उघडून 'टूल्स'मधल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये जा. खाली डावीकडे 'शो सेटिंग्ज'पुढे 'ऑल' निवडा. मग 'इंटरफेस', त्यात 'मेन इंटरफेसेस', आणि उजवीकडे 'वेब'वर खूण करा. तिथेच खाली 'लुआ' आहे. त्यात 'लुआ एचटीटीपी'खाली पासवर्ड ठेवा. तो रिकामा ठेवला तर फोनवरून आत जाताच येत नाही. सेव्ह करून व्हीएलसी बंद करा, पुन्हा उघडा. विंडोजच्या फायरवॉलनं विचारलं तर फक्त खासगी नेटवर्कला परवानगी द्या.

आता संगणकाचा पत्ता. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) इंग्रजीत टाइप केलं की 'आयपीव्ही४'पुढे तो दिसतो, समजा १९२.१६८.१.५. फोनच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत लिहा, पुढे विसर्गासारखे दोन टिंब आणि ८०८०. पान उघडत नसेल तर पत्त्याआधी 'एचटीटीपी' (http://) स्वतः लिहून पाहा, शेवटचा 'एस' न लावता. युजरनेमची जागा कोरी सोडा, नुसता पासवर्ड भरा. गाण्यांची यादी, थांबवायचं बटण, आवाज, सगळं समोर येतं. कूलरच्या घरघरीत आवाजाची पट्टीच सर्वांत जास्त वापरात येते.

फोन आणि संगणक एकाच राउटरवर हवेत. पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय बहुधा चालत नाही. इंटरनेट गेलं तरी गाणी चालू राहतात, कारण सगळा व्यवहार घरातल्या घरात होतो. म्हणूनच राउटरमधून हे ८०८० क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, बाहेरच्या इंटरनेटला उघडू नका, कुणी कितीही सुचवलं तरी.

पत्ता अधूनमधून बदलतो. राउटरच्या सेटिंगमध्ये संगणकासाठी तो पक्का करा आणि ते पान फोनच्या होम स्क्रीनवर ठेवा. संगणकाची स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही, पण संगणक झोपी जाणार नाही अशी सेटिंग करायला विसरू नका.